चुरी बाई आणि सहावा चौकोन

चुरी बाई शिव्या आकड्यांत देतात.

मला पहिली शिवी बसली ती शाळेतल्या जेवणावळीत. कुणाच्या तरी बढतीचं जेवण होतं. मी सिल्वासाला नवा होतो, आग्रहाला नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून ताटात आलं तेवढं घेतलं आणि शेवटी दोन पुऱ्या आणि श्रीखंडाचा एक डोंगर तसाच टाकून हात धुवायला उठलो. मागून कडाडून आवाज आला, "बारा!"

मी वळून पाहिलं. जाड काचांचा चष्मा लावलेल्या, साडीचा पदर कमरेला खोचलेल्या एक बाई माझ्या ताटाकडे बोट दाखवून उभ्या होत्या. मला वाटलं, वेळ सांगताहेत. मी अदबीने म्हणालो, "नाही बाई, एक वाजून गेला."

"वेळ नाय सांगत मी. बारा नंबर म्हणते! टाकायचं होतं तर वाढून कशाला घेतलंत? पोट तुमचं, दूध कुणाच्या म्हशीचं?"

मी परत खाली बसलो आणि श्रीखंड संपवलं. त्या दिवसापासून मी श्रीखंड खात नाही, ही गोष्ट वेगळी.

या चुरी बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात. मूळच्या डहाणूकडच्या. आमच्या खानदेशात माणसं 'नाही' म्हणताना जरा लाजतात, गोल फिरून येतात. बाईंचं 'नाय' म्हणजे दगड. पायावर पडला की कळतो. योगायोगाने आम्हाला घरही एकाच इमारतीत मिळालं, बाई समोरच्याच दारात. नवरा नाही, मूलबाळ नाही. असं का, हे विचारायला इमारतीत कुणी धजावत नाही, कारण विचारणाऱ्याला नक्की एखादा नंबर मिळेल, ही भीती.

हे नंबर आले कुठून, तेही सांगतो. मी यायच्या आधी एकदा वरच्या ऑफिसातून हुकूम आला की प्रत्येक शाळेने शाश्वत विकासाच्या जागतिक ध्येयांच्या प्रशिक्षणाला एक शिक्षक पाठवावा. असल्या प्रशिक्षणाला कुणी जायला तयार नसतं. आमचे मुख्याध्यापक देसाई सर, वलसाडकडचे, स्वभावाने लोण्यासारखे. ऊन लागलं की वितळणारे. त्यांनी विचार केला, चुरी बाईंना पाठवू, एक दिवस शाळेत शांतता राहील. सरांनी आयुष्यात केलेला हा सगळ्यात चुकीचा हिशेब.

एसी हॉल, प्रत्येकाच्या पुढ्यात प्लास्टिकची पाण्याची बाटली, पाहुण्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले गुच्छ. पडद्यावर सतरा रंगीत चौकोन. गळ्यात ओळखपत्र घातलेला एक तरुण माणूस सांगत होता की दोन हजार तीस सालापर्यंत जगात कुणी गरीब राहणार नाही, कुणी उपाशी राहणार नाही, प्रत्येकाला शुद्ध पाणी मिळेल. शिक्षक मंडळी मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. बाईंनी हात वर केला.

"हे कुणी कुणाला कबूल केलंय?"

"सगळ्या देशांनी मिळून, मॅडम. सगळ्या जगाला."

"म्हणजे त्यात आम्ही पण आलो?"

"अर्थात, मॅडम."

"आम्ही मागायला गेलो होतो?"

तो गोंधळला. "नाही, तसं नाही…"

"त्यांनी आपणहून दिलं?"

"हो."

"बरं," म्हणून बाई खाली बसल्या.

हॉलमधल्या बाकी सगळ्यांच्या लेखी तो एक कार्यक्रम होता. चहा, समोसा, प्रमाणपत्र, संपलं. बाईंच्या लेखी तो दिलेला शब्द होता. बैठकीत कबूल केलेली गोष्ट मांडवात मिळाली नाही की वरमाय जशी तोंड फिरवून बसते, तशा बाई त्या दिवसापासून सगळ्या जगावर रुसून बसल्या. कुणी समजूत घालायला गेलं की ठरलेलं उत्तर: "आपण मागितलं नव्हतं हो! त्यांनीच आपणहून कबूल केलंय!"

अन्न नासू नका सांगणाऱ्या माझ्या बाराव्यासकट सतराही ध्येयं त्यांना पाढ्यांसारखी पाठ झाली आणि मग कुणाची सुटका राहिली नाही. इमारतीच्या जिन्यात दिवसा दिवा जळताना दिसला की "सात!" मासळी बाजारात कोळणीने बोटाएवढी पापलेटं वाट्यात लावली की "चौदा! अगं, हे पोर आहे. याची आई कुठाय? याला मोठं तरी होऊ द्यायचं!" आम्ही मुलांची सहल घेऊन वासोण्याच्या सफारी पार्कात सिंह बघायला गेलो, तेव्हा जाळी लावलेल्या बसमधून मुलं ओरडत होती आणि सिंह आमच्याकडे पाठ करून झोपला होता. बाई एकट्याच सिंहाच्या बाजूने भांडत होत्या. "त्याच्या घरात शिरून वर टाळ्या वाजवता? पंधरा!" बसच्या ड्रायव्हरने दोन बोटं दाखवली, म्हणाला, "मॅडम, पंदर नथी, बे ज सिंह छे."

माझ्या घरात तर पाच नंबरने, म्हणजे स्त्री-पुरुष समानतेने, धुमाकूळ घातला. एका संध्याकाळी मी दमून खुर्चीत बसलो आणि आत आवाज दिला, "अगं, चहा टाकतेस का?" दार उघडं होतं. समोरच्या दारातून आवाज आला, "पाच! हात मोडलेत का सरांचे?" माझी बायको त्या दिवशी इतकी हसली की चहा शेवटी मीच टाकला. आठवड्याभरात ती स्वतःच "पाच" म्हणायला शिकली. आता आमच्याकडे चहा मी करतो. बरा करतो असं म्हणतात.

सगळ्यात कहर केला आमच्या वॉचमनने. मिश्राजी, बिहारकडचे. बाई येता-जाता आकडे ओरडतात हे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा समज झाला की बाईंना मटक्याचा नंबर कळतो. ते रोज सकाळी सलाम ठोकून विचारायचे, "मैडमजी, आज का नंबर?" बाईंना वाटलं, वा, माणूस शिकायला उत्सुक आहे. त्या रोज एक ध्येय समजावून सांगायच्या आणि मिश्राजी माना डोलवून तो आकडा लावून यायचे. हे उघडकीस आलं तेव्हा बाईंचा आवाज थेट रस्त्यावर ऐकू आला. "अरे मेल्या! तो एक नंबर होता! गरिबी हटवायचा! तोच लावून तू अजून गरीब झालास?"

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. आम्ही नेतही होतो. मग भिंत आली.

वरून पुन्हा हुकूम आला की शाळांच्या भिंतींवर हे सतरा चौकोन रंगवायचे. ठेकेदाराची माणसं डबे घेऊन आली. लाल, पिवळा, केशरी, हिरवा, एकेक चौकोन फाटकापासून चढत गेला. भिंत वळते तिथे मुलींचा संडास आहे. सहावा चौकोन नेमका त्याच्या दाराशेजारी आला. निळा. आत पांढऱ्या रंगात पाण्याचा पेला आणि खाली हिंदीत अक्षरं: स्वच्छ जल और स्वच्छता.

आता या संडासाबद्दल सांगायला हवं, आणि सांगताना मला आजही राग येतो. त्याला कुलूप होतं. नळ होता, पण पाइप कधीचा फुटलेला. पाणी नाही म्हणून घाण, घाण म्हणून कुलूप, आणि किल्ली देसाई सरांच्या कपाटात. लहान मुली कुंपणामागे जायच्या. मोठ्या मुली दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. आणि महिन्यातले ते दिवस आले की शाळेतच यायच्या नाहीत. आधी चार दिवस खाडा, मग अभ्यास मागे, मग आठवडा, मग नाव हजेरीत आणि मुलगी कुठल्या तरी कंपनीच्या गेटवर, कामाला. नळ दुरुस्त करा म्हणून देसाई सरांनी वर कितीदा तरी सांगितलं होतं. दरवेळी उत्तर एकच, प्रस्ताव पाठवा. भिंतीला रंग पाजायला ऑफिसकडे सगळं असतं. पोरींना पाणी पाजायला प्रस्ताव लागतो.

दहावीत सविता नावाची एक मुलगी होती. वारली समाजातली, वासोण्याच्या पुढच्या एका पाड्यावरून यायची. खो-खोत अशी पळायची की समोरचा संघ पळायचं सोडून बघत राहायचा. हसायची मोठ्यांदा आणि प्रश्नही मोठ्यांदा विचारायची. बाई वर्गाला घेऊन भिंतीपाशी गेल्या, एकेक चौकोन समजावत सहाव्याशी आल्या. सविताने कुलपाकडे पाहिलं, चौकोनाकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, हा सहा नंबर कुठल्या शाळेचा?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच वाटलं, दुसऱ्या शाळेचं चित्र चुकून इथे काढलंय.

बाई स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. कुणाला नंबर नाही, कुणावर आवाज नाही. चहा गार झाला. मी म्हटलं, "बाई, बरं नाही का?" तर म्हणाल्या, "सर, मला त्या पोरीला उत्तर देता आलं नाय."

दिवाळीच्या सुट्टीनंतर सविता शाळेत आलीच नाही.

आणि अशात बातमी आली की मोठे पाहुणे आमच्या शाळेची भिंत बघायला येणार आहेत. दिल्लीच्या एक मॅडम, सोबत इथले अधिकारी. देसाई सरांना घाम फुटला. फाटकापाशी हात धुवायचे नळ होते, त्यांच्यासाठी टँकर मागवला. मुलींना रांगेत उभं करून गाणं शिकवलं. माझ्याकडे पाणी वाचवा या विषयावर घोषवाक्यं करायचं काम आलं. नसलेलं पाणी कसं वाचवायचं, हे मला सुचेना. बाईंना सरांनी हात जोडून सांगितलं, "बाई, तुमे फक्त शांती राखजो. एक दिवस."

"मी एक शब्द बोलणार नाय," बाई म्हणाल्या.

आणि नाहीच बोलल्या. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आम्ही शाळेत पोचलो तर भिंतीवर सोळा चौकोन. सहाव्याच्या जागी पांढराशुभ्र चुना, अजून ओला. बाई शेजारी उभ्या, साडीवर चुन्याचे शिंतोडे, हातात कुंचला. किल्ली देसाई सरांच्या कपाटात होती म्हणून कुलूप तेवढं शाबूत होतं.

देसाई सर भिंतीला टेकले. "अरे बाई! आ शुं कर्युं?"

"नसलेली गोष्ट पुसली. शाळेत खोटं लिहू नये, असं आपणच शिकवतो ना?"

"पण आता गाडी आवशे!"

"येऊ द्या."

गाडी आली. गाणं झालं, गुच्छ झाले. मॅडम चालत चालत चौकोन बघू लागल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. थांबल्या. "छह कहाँ है?"

देसाई सर म्हणाले, "मॅडम, पेंट सूख रहा है." ओला चुना बघता तेही खोटं नव्हतं.

मॅडमनी बाईंच्या साडीकडे पाहिलं. "आपने किया?"

"हो," बाई म्हणाल्या. शब्द न बोलायचं कबूल केलं होतं ते तिथे संपलं. "चला मॅडम, सहा नंबर दाखवते. सर, किल्ली."

सगळे अधिकारी देसाई सरांकडे बघू लागले. सर कपाटाकडे गेले आणि किल्ली आणली. मला त्यांचं कौतुक वाटलं. सापडत नाही म्हणाले असते तर कुणी काय केलं असतं? बाईंनी कुलूप उघडलं. आमच्याकडे वास आला तसे अधिकारी दोन पावलं मागे सरले. मॅडम मात्र आत गेल्या. थोड्या वेळाने नाकाला रुमाल लावून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचं समारंभाचं हसू गेलं होतं.

"पानी कब से नहीं है?"

एक अधिकारी पुढे झाले. "मैडम, प्रोसेस में है."

बाई कडाडल्या. "प्रोसेसमध्ये पोरी बसतात काय? पोरीला लागली तर तिने प्रोसेस संपेपर्यंत धरून ठेवायची? माझी दहावीची एक पोर शाळा सोडून गेली यात. अशा किती गेल्या ते यांना विचारा. रंगाचा डबा इथपर्यंत येतो, तर पाइप का नाय येत? आम्ही काय मागायला गेलो होतो तुमच्याकडे? तुम्हीच आपणहून सांगितलंत ना? मग पाळायचं नसेल तर निदान आमच्या भिंतीवर लिहू नका!"

मुली गाण्याच्या रांगेत तशाच उभ्या होत्या. मॅडमना मराठी किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी दुभाषा मागितला नाही.

पुढच्याच आठवड्यात बाईंच्या नावाने नोटीस आली. सरकारी मालमत्तेचं विद्रूपीकरण केल्याबद्दल खुलासा करा. बाई वाचून संतापाने हसल्या. "मालमत्ता कुठली ते नाय लिहिलंय. चौकोन की संडास?" पुढचे काही आठवडे त्यांना ऑफिसच्या बाकावर बसवून ठेवायचे, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणून परत पाठवायचे. ज्या ऑफिसला एक नळ जोडायला वर्षं लागतात, त्याला एका बाईला छळायला वेळ बरा सापडतो. शाळेतली काही मंडळीही म्हणू लागली की बाईंनी अतीच केलं. मी त्यांच्याशी भांडलो. मी सहसा भांडत नाही. बाईंचा वाण नाही पण गुण लागला असणार.

आणि होळीनंतर एका सकाळी पाइप आला. कुणी पाठवला, कुणाच्या सहीने, आम्हाला कळलं नाही. दिल्लीहून फोन आला असावा, असं देसाई सर म्हणतात. दोन प्लंबर आले, फुटका पाइप काढला, वर टाकी बसवली. नळातून पहिल्यांदा गढूळ आणि मग स्वच्छ पाणी आलं तेव्हा आठवीच्या मुलींनी तिथे एवढा गोंधळ घातला की देसाई सर ओरडायला आले आणि न ओरडता परत गेले. कुलूप त्यांनी स्वतः खिशात घातलं. नोटिशीचं पुढे कुणी विचारलं नाही.

त्या शनिवारी बाई मला म्हणाल्या, "सर, उद्या स्कूटर काढाल? सविताला परत आणायची आहे. तुम्ही चला बरोबर. तुम्ही गोड बोलता. मी तोंड उघडलं की भांडण होतं."

आम्ही निघालो. वासोण्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडला. बाई मागे बसून सांगत होत्या, "इथून डावीकडे. आता त्या मोहाच्या झाडाकडे. हळू, पुढे खड्डा आहे." पाड्यावर कुत्री माझ्यावर धावून आली, बाईंकडे बघून शेपूट हलवायला लागली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

कुडाच्या भिंतींचं, सारवलेलं घर. सविता अंगणात भांडी घासत होती. अथालला एका पॅकिंगच्या शेडमध्ये ठेकेदारामार्फत लागली होती, रविवारची सुट्टी. आम्हाला पाहून उठली, पण शाळेतल्यासारखी हसली नाही. तिची आई आतून आली, खाट टाकली. मी घसा साफ केला आणि रस्त्यात जुळवून ठेवलेलं गोड भाषण सुरू केलं. शिक्षणाचं महत्त्व, पुढच्या वर्षी दहावीची परीक्षा, पुढच्या संधी. सविताने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता बाईंना विचारलं, "पाणी आला?"

"आलं," बाई म्हणाल्या.

"रोज येतं?"

"रोज येतं. टाकी बसवलीय."

सविता थोडा वेळ राखेने तवा घासत राहिली. "मग मनीषाला पाठवते," ती म्हणाली. मनीषा तिची धाकटी बहीण. जूनमध्ये आठवीत जाणार. "मी नाय येत बाई. आता मी लागली कामाला. घरात पण पायजे."

मी पुन्हा तोंड उघडणार होतो. बाईंनी हाताने मला थांबवलं. मला वाटलं, आता स्फोट होणार. ठेकेदारावर, शेडवर, सगळ्या जगावर. बाईंनी फक्त मान हलवली. "बरं," म्हणाल्या. "मनीषाला नवी चप्पल लागेल. ती मी आणते."

सविता चहा करायला आत गेली. बाई खाटेवर मागे टेकल्या. बोलता बोलता आडव्या झाल्या आणि बघता बघता त्यांना झोप लागली. जोराची, घोरण्याची झोप. मी अवघडलो. दुसऱ्याच्या घरी, भर दुपारी, हे काय? सविताच्या आईकडे बघून ओशाळवाणा हसलो.

"निजू द्या," ती हळूच म्हणाली. "हर ऐतवारी येते. पोरगी शाळेत नाय गेली तवापासून. आधी भांडायला यायची, पोरीला पाठवा, पोरीला पाठवा. आता निजायला येते. तिकडं घरात झोप नाय लागत, असा सांगते. लय शांत हाय म्हणते."

रविवारी बाईंच्या दाराला कुलूप असतं, हे मला माहीत होतं. डहाणूला भावाकडे जात असतील, मासे खाऊन येत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो. समोरासमोर दारं आमची. मधे चार पावलांचा जिना.

सविता चहा घेऊन बाहेर आली. बाई झोपलेल्या बघून तिने कप ओट्यावर ठेवला. वाकून बाईंचा चष्मा अलगद काढला, ओढणीने काचा पुसल्या आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला. अंगणातल्या कोंबड्या कलकलाट करत खाटेखाली शिरत होत्या. त्यांना तिने तोंडातून आवाज न काढता, दोन्ही हात पसरून, हळूहळू कुंपणाबाहेर नेलं आणि माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

मी स्कूटरची किल्ली खिशात टाकली आणि बाईंच्या वाटणीचाही चहा पिऊन ओट्यावर बसून राहिलो.